बाबांचे दात

फोन आला तेव्हा मी एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते. ऑगस्ट लागला होता, अर्धं तोरिनो दारांना कुलपं घालून समुद्रावर गेलं होतं आणि लाँड्रीत मी एकटीच उरले होते. "मीरेल्ला, सावेरिया मरतेय," आई म्हणाली. "पाद्री येऊन शेवटचं तेल लावून गेला. आता काही तिची धडगत नाही. सामान्ताला सांग, गाडी काढ म्हणावं." सामान्ता माझी मुलगी, आणि सावेरिया म्हणजे आईची मावसबहीण. गावी असते. दोघी एकाच खाटेवर झोपून लहानाच्या मोठ्या झाल्या. बातमी वाईट होती, पण आईच्या वयाला अशा बातम्या येतच राहतात. मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आईच्या आवाजात आनंद होता. तो लपवायचा प्रयत्नही तिनं केला नव्हता. मागे रेडिओवर कुठलंसं नाचाचं गाणं चाललं होतं, ते बंद करावं असंही तिला वाटलं नव्हतं. लॉटरी लागलेल्या बाईसारखी ती मला बहिणीचं मरण सांगत होती. मी फोन ठेवला तेव्हा जळका वास आला. इतकी वर्षं इस्त्री करतेय, पण माझ्या हातून कधी कॉलर जळाली नव्हती.

आनंद कशाचा ते कळायला मला वेळ लागला नाही. बाबांच्या दातांची सोय झाली होती. आमच्याकडे, म्हणजे दक्षिणेत लुकानियाच्या डोंगरातल्या आमच्या गावाकडे, मेलेली माणसं स्वप्नात येऊन काहीबाही मागतात, आणि मागितलेलं त्यांना पोचतं करावं लागतं. पोचतं करायची रीत अशी की पुढे जो कोणी मरेल त्याच्या शवपेटीत ती वस्तू ठेवून द्यायची. तो घेऊन जातो. चष्मे जातात, काठ्या जातात, सिगारेटची पाकिटं जातात. एका बाईनं नवऱ्याला छत्री पाठवली होती आणि गावात कोणी हसलं नव्हतं. माझे बाबा, कानियो, गेले ते इथे तोरिनोत, इस्पितळात. ऑपरेशनच्या आधी त्यांची कवळी काढून ठेवली होती. गावी न्यायचं म्हणून त्यांना जस्ताच्या पेटीत निजवलं, पेटी झाळून पक्की बंद केली, आणि ते सगळं उरकल्यावर एका नर्सनं आमच्या हातात पिशवी दिली. त्यात चपला, पायजमा, घड्याळ आणि दात. तेव्हापासून बाबा तिकडे बोळक्या तोंडानं आहेत, असं आईचं म्हणणं. दात मुरंब्याच्या काचेच्या बरणीत पाण्यात असतात. रोज सकाळी स्वतःची कॉफी ठेवायच्या आधी ती बरणीतलं पाणी बदलते. मध्ये एकदा वरच्या मजल्यावरची सिन्योरा गेली तेव्हा आईनं फुलांखाली हात घालून दात तिच्या पेटीत सरकवले होते. तिच्या मुलानं ते पाहिले आणि चारचौघांत ओरडला, की आमच्या आईचे सगळे दात शाबूत होते, हे कोणाचे? वर त्या बाईला नंतर जाळलं. उत्तरेकडची माणसं जाळून घेतात हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती पुढे कितीतरी दिवस अंगावर काटा आल्यासारखी दंड चोळायची आणि म्हणायची, "जळले असते गं, थोडक्यात वाचले." त्यानंतर तिनं तोरिनोच्या मेलेल्यांवर भरवसा ठेवला नाही. नेणारं माणूस आपल्या गावचं हवं, बाबांना चेहऱ्यानं ओळखणारं हवं.

मी हे सगळं हसण्यावारी नेत आले होते. पण त्या दिवशी हसू येईना, कारण आदल्याच आठवड्यात डॉक्टरनं माझ्या डाव्या काखेतली गाठ बोटांनी चाचपली होती आणि जरा जास्तच गोड बोलला होता. डॉक्टर गोड बोलायला लागले की समजावं. आता सगळे सुटीवर आहेत, सप्टेंबरात भरती व्हा, कापून पाहू, असं म्हणाला. ऑगस्टमध्ये इटलीत कोणी आजारी पडू नये. मी कोणाला सांगितलं नाही. सामान्ताला नाही, कारण नवऱ्यापासून वेगळं होऊन तिला वर्ष झालेलं नव्हतं आणि तिचं रडणं आत्ता कुठे थांबलं होतं. आईला तर नाहीच. आईला सांगणं म्हणजे ती गोष्ट खरी झाली असती. मी इस्त्री करायची, हात वर करून शर्ट हँगरला लावायची, आणि प्रत्येक वेळी आत कोणीतरी अंगठ्यानं दाबल्यासारखं व्हायचं. मी साठीची बाई, पण रात्री अंथरुणात पडल्यावर मला आईच्या कुशीत शिरावंसं वाटायचं. मला मरणाची भीती वाटत होती. एवढं साधं होतं ते.

सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही निघालो. सामान्ता गाडी चालवायला, शेजारी मी, मागे आई आणि सामान्ताची योले. पणजी, आजी, आई, मुलगी, अशा चौघी एका गाडीत आणि पाचवे बाबा, बरणीत. सामान्ता गाडी सुरू करतानाच म्हणाली, "लोक ऑगस्टमध्ये समुद्रावर जातात. आपण कोण कधी मरतंय ते बघायला चाललोय. छान." आई म्हणाली, "तू पुढे बघून चालव." पहिल्याच वळणाला बरणी कलंडायला लागली तशी मी मागे वळून हात केला. म्हटलं, आण, मी धरते मांडीवर. आईनं माझ्या हातावर फाडकन चापट मारली. लहानपणी साखरेच्या डब्याला हात लावला की मारायची तशी. "तू नको," ती म्हणाली. "योले धरेल." आणि सात वर्षांच्या पोरीच्या मांडीवर तिनं ती बरणी दिली. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं हिचं सगळं मी करते. हिची औषधं आणते, नखं कापते, केस रंगवते, आणि बाबांचे दात धरायला मी नालायक! मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर पो नदीचा सपाट मुलूख होता. मक्याची शेतं, पॉपलरच्या रांगा, सगळं उन्हानं पांढुरकं पडलेलं.

ते दात बाबांना निवृत्त झाल्यावर बसवले होते. मोटारींच्या कारखान्यात जन्म गेला, आणि बाहेर पडताना त्यांनी स्वतःला ही एक भेट दिली. दात फार पांढरे होते आणि जरा मोठेच होते. त्यानंतर बाबांचं हसू बदललं. ओठ मिटले तरी आत कोणीतरी हसतंय असं वाटायचं. बोलणं त्यांना कधी फारसं जमलं नाही, पण काही पटलं नाही की ते जबडा हलवायचे आणि कवळी वाजायची. टक. बस, एवढंच. जेवणाच्या टेबलावर टक झालं की आई बोलता बोलता थांबायची. माझं लग्न मोडलं ते मी सांगितलं तेव्हा टक. सामान्ता शाळा सोडून केस कापायला शिकते म्हणाली तेव्हा टक. ते कधी ओरडले नाहीत, हात तर कधीच उचलला नाही. तरी त्या आवाजाला आम्ही सगळ्या घाबरायचो. ते गेल्यावर घरात किती शांतता झाली हे मला जाणवलं, आणि जाणवल्याबद्दल मी स्वतःला बोलही लावला.

"पणजी, पणजोबा दातांशिवाय काय खातात?" योलेनं विचारलं.

"पाव भिजवून खातात."

"आणि स्वप्नात येऊन काय म्हणाले?"

समोर उन्हासाठी पाडलेल्या झडपेत छोटा आरसा होता. त्यात मला आई दिसत होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "स्वयंपाकघरात आले. आपल्या खुर्चीवर बसले. तोंड उघडून मला दाखवलं. आत नुसता काळोख."

"मग?"

"मग काय, मी जागी झाले."

"काहीच बोलले नाहीत?"

"दात नसताना कसं बोलतील?" सामान्ता पुढून म्हणाली आणि हसली. आई हसली नाही. तिचे डोळे आरशात माझ्यावरच होते, आणि मी बघतेय हे दिसताच तिनं ते बाहेर वळवले. ती खोटं बोलत होती. आईला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना ती स्कर्टवरच्या सुरकुत्या हातानं सारख्या करते, आणि त्या वेळी ती त्या करतच होती.

बोलोन्याच्या अलीकडे गाड्यांची ही गर्दी. सगळे दक्षिणेकडे निघालेले. टपावर सायकली, मागच्या काचेवर दाबलेल्या उशा आणि पोरांचे तळपाय. माझ्या लहानपणीही आम्ही दर ऑगस्टला असेच निघायचो. बाबा शर्ट काढून बनियनवर गाडी चालवायचे, आई पुढे बसून संत्री सोलायची. तेव्हा तो रस्ता घरी नेणारा होता. आता मला वाटायला लागलं की या एवढ्या गाड्या एकाच ठिकाणी चालल्यात आणि तिथे काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. पुढे एका थांब्यावर सावली शोधून आम्ही जेवलो. आई बाहेरचं खात नाही. तिनं पहाटे उठून तळलेलं मांस पावात घालून आणलं होतं. सगळ्यांत मोठा तुकडा तिनं मला दिला. "मला नको एवढा," मी म्हणाले. "खा," ती म्हणाली. मी खात होते आणि ती बघत होती. मी गिळला तो घास, घेतला तो घास. आजाऱ्याला भरवताना बघतात तसं. हिला कळलंय का? कसं कळेल? मी मुद्दाम जोरजोरात चावून खाल्लं, पाणी प्यायले, योलेला गुदगुल्या केल्या. डावा हात मात्र अंगाशीच ठेवला.

आंकोना मागे पडलं आणि डाव्या हाताला समुद्र आला. पण तो सुखानं बघता येईना, कारण एकामागून एक बोगदे लागत होते. बोगद्यात शिरलं की आरशात आईचा चेहरा पिवळा पडायचा, बाहेर आलं की नाहीसा व्हायचा. मला तेव्हा एक विचार आला आणि आला तो जाईना. सावेरिया वयाच्या मानानं दणकट बाई. ती नाही मेली तर? हे दात कोणीतरी न्यायचेच आहेत. आईनं एकदा मनावर घेतलं की ती सोडत नाही. मग ती कोणाची वाट बघणार? गाडीत चौघी आहोत. गावाला ओळखणारी, बाबांना चेहऱ्यानं ओळखणारी, आणि जिच्या काखेत गाठ आहे अशी यातली एकच. मी स्वतःला म्हटलं, मूर्ख आहेस. तोरिनोत जन्मलेली बाई तू, लाँड्रीत काम करतेस, वीजबिल मोबाईलवर भरतेस. पण मागे बरणीतलं पाणी डुचमळत होतं आणि दात काचेवर हलके आपटत होते, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मला आईची भीती वाटायला लागली. सख्ख्या आईची. सावेरिया मरतेय म्हणून जी बाई रेडिओ बंद करत नाही ती काय काय करू शकेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"फोन लावून बघ," आई म्हणाली. सामान्तानं सावेरियाकडे फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. "झालं वाटतं," आई म्हणाली आणि तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. तिनं सोडलेला सुस्कारा सुटकेचा होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. "जोरात चालव गं. पेटी बंद व्हायच्या आत पोचलं पाहिजे."

फोज्जाच्या माळावर गव्हाचे खुंट जाळत होते. दोन्ही बाजूंना जमीन काळी पडली होती आणि धूर रस्त्यावर आला होता. सामान्तानं भरदिवसा दिवे लावले. धुरातून पवनचक्क्यांची पाती वरून खाली यायची आणि पुन्हा धुरात जायची. योले म्हणाली, "आपण हरवलो का?" मग चढ लागला, ओकची झाडं आली, हवा निवली, आणि डोंगराच्या शेंड्यावर आमचं गाव दिसलं. दफनभूमी गावाच्या खाली आहे, त्यामुळे आधी ती लागते. बाबा तिथेच भिंतीतल्या एका कप्प्यात आहेत. आई एरवी इथे काच खाली करून त्यांना नमस्कार करते, आज तिनं केला नाही. ती मान खाली घालून बसली होती. मला ते विचित्र वाटलं.

सावेरिया दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती.

आम्ही गाडीतच बसून राहिलो. सामान्ताला हसू आवरेना. सावेरियानं मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "या या! उशीर केलात. मी मेले नाही."

"फोन का नाही उचलला?" आई उतरता उतरता म्हणाली.

"शेतात गेले होते शेंगा काढायला. पाद्री तेल लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सूनबाईनं तर सुतकाचे काळे मोजेसुद्धा काढून ठेवले होते, बिचारी! तुझं तोंड का पडलं गं दोनाता? मी जिवंत आहे म्हणून?"

आईचं तोंड खरंच पडलं होतं. रंग उडाला होता. तिनं योलेच्या हातातून बरणी घेतली आणि सावेरियाच्या पुढ्यात धरली. "तरी ठेव तू तुझ्याकडे. आज ना उद्या लागेलच."

"वा गं वा! न्यायचं म्हणून घेतलं की निघावं लागतं. मला काय कळत नाही होय?" सावेरियानं हात मागे घेतले. शेंगांची टोपली तिच्या मांडीवरून घरंगळली. "मला एवढ्यात नाही जायचं. या साली अंजिरं चांगली आलीत."

"मी पाया पडते तुझ्या."

आईला कोणाच्या पाया पडते म्हणताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी पुढे झाले. म्हणाले, "आई, पुरे आता. दे इकडे ती बरणी, मी ठेवते." आई किंचाळली. तिनं बरणी पोटाशी धरली आणि ती माझ्यापासून मागे मागे भिंतीपर्यंत गेली. सावेरिया माझ्याकडे बघत होती, आणि तिचा सगळा तोरा गळून पडला होता. ती हळूच म्हणाली, "दोनाता, तू हिला सांगितलंच नाहीस होय? कानियोनं कोणाचं नाव घेतलं ते?"

दारावर टांगलेल्या लाल मिरच्यांच्या माळा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. मला ते सगळं लांबून ऐकू येत होतं. "कोणाचं?" मी विचारलं, पण मला कळलं होतं. आई स्कर्टच्या सुरकुत्या सारख्या करत नव्हती. ती माझ्याकडे सरळ बघत होती. "वसंतापासून दर आठवड्याला येतो मेला," ती म्हणाली. "तोंड उघडून दाखवतो. मी म्हणते, पाठवते, जरा दम धर. तर म्हणतो, घाई नको करूस, मीरेल्ला येतेय, तिच्याकडे दे." मग ती जवळ आली आणि तिनं माझ्या डाव्या काखेत हात घातला, ब्लाउजवरूनच, बरोबर त्या जागी. "शर्ट टांगताना तू ओठ मिटतेस. लहानपणी गुडघा फुटला की मिटायचीस तशी. मला वाटलं, सावेरिया गेली की तिच्याबरोबर देऊन टाकू. त्याचं तोंड बंद होईल."

सामान्ता म्हणाली, "काय चाललंय? आई? कसली गाठ?" गाठ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, तरी तिच्या तोंडून तोच आला. मी तिला सांगितलं. दोन वाक्यांत झालं सगळं. ती रडली नाही, माझा हात तेवढा घट्ट धरला. आणि मी, जिला वाटेत आईची भीती वाटली होती, ती तिथे पायरीवर बसून लहान मुलीसारखी रडले. आईवर संशय घेतला म्हणून रडले, बाबांनी माझंच नाव घेतलं म्हणून रडले. ते मला आपलं माणूस म्हणून बोलवत होते, की नुसता हुकूम सोडत होते, मला कळेना. ते होते तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं, आत्ताही नव्हतं. टक, की झालं.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो, कारण काहीही झालं तरी तिथे जेवायला बसावंच लागतं. सावेरियानं पास्त्यावर तळलेल्या मिरच्या चुरून घातल्या होत्या. सामान्ता तोरिनोच्या कोणत्या इस्पितळात कोण ओळखीचं आहे ते मला सांगत होती. बरणी आईच्या ताटाशेजारी होती. मग तिनं तोंडावर रुमाल धरला, आपली कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि योलेच्या हातात दिली. "ठेव गं खिशात. मला आता नाही लागणार." कोणाला काही कळायच्या आत तिनं बरणीत बोटं घातली, बाबांचे दात उचलले, झटकले आणि दोन्ही अंगठ्यांनी रेटून तोंडात बसवले.

ते तिला मोठे होत होते. ओठ पुढे आले, मिटेनात. आईच्या एवढ्याशा तोंडात बाबा हसायला लागले. सावेरियानं क्रूसाची खूण केली. योले म्हणाली, "पणजी, तू पणजोबांसारखी दिसतेस," आणि आईजवळून उठून सामान्ताला जाऊन चिकटली.

"काढ ते," मी म्हणाले. "आई, काढ. खाशील कशी?"

"मी नेते त्याचे त्याला," आई म्हणाली. शब्द बोबडे येत होते, पण कळत होते. "तुला कधी बोलावलंय?"

"कुठे?"

"इस्पितळात."

"सप्टेंबरात."

आईनं बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग ताट पुढे ढकललं. मिरच्यांचा वास तिला फार आवडतो, तिनं एकदा तो नाकात भरून घेतला. "मग वेळ आहे," ती म्हणाली. तिनं जबडा मिटला आणि दात वाजले. आम्ही सगळ्या बोलता बोलता थांबलो.